चिमणीच्या खिशातली वजनं

मित्रांनो, जिन्याखालच्या खोलीत मोडक्या बाकांच्या मागे मी उभा आहे. शाळेचा जुना वजनकाटा. शिपाईकाका मला "खायला काळ नि भुईला भार" म्हणतात. अहो, मी आयुष्यात काही खाल्लं असेल तर शपथ! पण एकटं पडलं की असलं बोलणंही गोड लागतं. निदान कुणी आलं तरी.

कारखान्यातून आलो तेव्हा माझी तबकडी नुसती लखलखायची. दर महिन्याला नर्सबाई यायच्या आणि मुलं एकेक करून अनवाणी माझ्यावर चढायची. ते गार तळवे आठवले की अजून जीव कासावीस होतो. ज्यांचं वजन कमी भरे, त्यांना मधल्या सुट्टीत दूध आणि उकडलेलं अंडं मिळायचं. गोष्ट चांगलीच होती. पण त्यांना वेगळ्या बाकावर बसवायचे, आणि बाकीची मुलं त्या बाकाला "काडीपैलवानांचा आखाडा" म्हणायची.

चिमणी त्याच बाकावर बसायची. तिची आई रस्त्यावर हातगाडी लावून भाजी विकायची. दुधानं पोरीच्या अंगावर कुठे जरा मांस धरू लागलं होतं. अशात एकदा ती माझ्यावर चढली आणि माझा काटा टुणकन पुढे गेला. मला लगेच कळलं. फ्रॉकच्या दोन्ही खिशांत भाजीच्या तराजूतली लोखंडी वजनं होती. माझी भावंडंच ती, ओळखणार नाही होय? पण मला जीभ कुठे आहे!

"अगं वा, भरलीस की!" नर्सबाई खूश झाल्या. "आता तुला जादा दूध नको."

चिमणी मान खाली घालून उतरली. तिचं दूध बंद झालं. मी भिंतीशी उभा राहून नुसता तळमळत होतो. जेवढं होतं तेवढंच दाखवलं, आणि पोरीच्या तोंडचा घास गेला. तेव्हा जेवढा एकटा होतो, तेवढा या अडगळीतही नाही.

पुढच्या खेपेला ती पुन्हा माझ्यावर चढली. मग ती खाली उतरली, खिशातली वजनं काढून फरशीवर ठेवली आणि रडू लागली.

"ही आईची आहेत. तिनंच घातली खिशात. मला दूध हवंय."

नर्सबाईंनी आईला बोलावून घेतलं. ती आली ती तावातावानंच.

"पोरीला त्या बाकावर बसवता! लोक म्हणतात, आई पोटाला घालत नाही. मी घालते हो! आधी तिलाच वाढते."

"ठाऊक आहे, ताई. आणि तुम्ही काय जेवता?"

"माझं काय घेऊन बसलात!"

"या, उभ्या राहा बरं."

मुख्याध्यापक कधी गमतीनं चढले की माझ्या स्प्रिंगा कुरकुरायच्या. ही चढली, तर एकही कुरकुरली नाही. नर्सबाई तबकडीकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी गुपचूप आपला डबा उघडून तिच्यापुढे ठेवला.

त्यांनी मुख्याध्यापकांशी भांडून तो बाक उचलायला लावला. दूध आणि अंडं सगळ्यांनाच, एका पंगतीत मिळू लागलं. पुढे आकडे उजळणारा नवा काटा आला आणि मी इथे आलो.

मित्रांनो, मला बाहेर काढा असं म्हणत नाही. मी गंजलोय, माझं आता काही खरं नाही. फक्त आज जेवायला बसाल तेव्हा, तुम्हाला वाढणारीचं ताट कुठे आहे ते बघा. दिसलं नाही, तर घास हातातच ठेवा आणि म्हणा, "तूही बस."