जल्लादीणबाईंची निवडणूक

मार्लिस ट्वेट गावाच्या प्रेमापोटी निवडणुकीला उभी राहिली, असं पुढे लोक सांगू लागले. तसलं काही नव्हतं. ती उभी राहिली, कारण लोवेल ग्रुनवाल्ड संत्रं सोलत होता.

मिनेसोटातल्या एल्डर फॉल्स गावच्या नगरपरिषदेची ती सप्टेंबरमधली बैठक. शाळेमागचं बर्फावर स्केटिंग करायचं मैदान आणि त्याच्या कडेची शेकोटीची खोली विकायची, तिथे भाड्याची गोदामं उभी करायची, असा विषय होता. गोदामं बांधणार होता लोवेलचा जावई. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि म्हणूनच कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं. एल्डर फॉल्समध्ये एखाद्याला तोंडावर काही बोलणं म्हणजे त्याच्या घरात चिखलाचे बूट घालून शिरण्यासारखं समजतात.

मार्लिसला ही अडचण कधीच नव्हती. ती उभी राहिली आणि तिने विचारलं, की ही जागा घ्यायला जावयाशिवाय आणखी कुणाला विचारलं होतं का. लोवेल वीस वर्षं परिषदेच्या त्या खुर्चीत बसत होता. शाळेत तिच्याच वर्गात होता. त्याने मान वर केली नाही. संत्र्याच्या फोडी कागदी रुमालावर ओळीने मांडत तो म्हणाला, "बोलायची तुझी तीन मिनिटं झाली, मार्लिस." मग एक फोड तोंडात टाकली. परिषदेच्या पाच सदस्यांपैकी तिघांनी हात वर केले. पक्का ठराव जानेवारीत व्हायचा होता, पण तो झाल्यातच जमा होता.

तिच्याकडे निदान बघून तो खोटं बोलला असता, तरी मार्लिस मुकाट घरी जाऊन झोपली असती.

नोव्हेंबरमध्ये लोवेलच्या खुर्चीसाठी निवडणूक होती, पण उमेदवारी अर्जाची मुदत टळून गेली होती. मतपत्रिकेवर लोवेलचं एकट्याचंच नाव यायचं होतं. एकच वाट उरली होती. छापील नावाखाली एक कोरी ओळ असते, तिथे मतदाराने स्वतःच्या हाताने दुसऱ्याचं नाव लिहायचं. नगरपरिषदेची चिटणीस ट्वायला म्हणाली की कायद्याने हे चालतं, पण असं कुणी निवडून आलेलं तिने पाहिलेलं नाही.

मार्लिस आयुष्यभर गाडीच्या परवान्याची परीक्षा घेत आली होती. शेजारच्या सीटवर बसून, गुडघ्यावर कागद अडकवलेली पाटी ठेवून, तिने त्या भागातल्या निम्म्या लोकांना नापास केलं होतं. शेतकऱ्यांना, नर्सना, एका पाद्रीसाहेबांना तर दोनदा. आणि आता त्यांच्याच दारात मत मागायला जायचं होतं.

बरोबर तिची धाकटी बहीण आर्डिस यायची. आर्डिस म्हणजे लोण्याचा गोळा. चर्चमधल्या प्रत्येक अंत्यविधीला तिच्या लिंबाच्या वड्या असायच्या. पहिल्याच दारी ती म्हणाली, "तू फक्त उभी राहा. बोलायचं मी बघते."

ते जमलं नाही. दुसऱ्याच घरी व्हर्लिन पोहल नावाचा माणूस हसत हसत म्हणाला, की बाई, तुम्ही मला तीन वेळा नापास केलं होतं. मार्लिस म्हणाली, "चौथ्यांदाही करायला हवं होतं. चर्चसमोरचं कुंपण कुणी पाडलं ते मी पाहिलंय." आर्डिसने घाईघाईने वड्यांचा डबा पुढे केला.

बाकी लोक मात्र फार गोड बोलत. मैदान तर वाचायलाच हवं. बघू या हं. वेगळीच कल्पना आहे. विचार नक्की करू. त्या भागात याचा अर्थ काय होतो हे दोघी बहिणींना पक्कं माहीत होतं. दार लागलं की मार्लिस फुटपाथवर थुंकल्यासारखं तोंड करी. या माणसांना 'नाही' हा शब्द उच्चारता येत नाही, ती म्हणे, यांच्या घराला आग लागली तरी हे म्हणतील, जरा उकडतंय नाही का. शिवाय ट्वेट या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षर उच्चारात येत नसे, आणि ते कुठे घालायचं हे कुणालाच आठवत नसे. तिने आपल्या नावाचे फलक करून अंगणाअंगणात लावले. लोकांनी ते लावू दिले, कारण नाही म्हणणं जिवावर येत होतं.

लोवेलने प्रचार केलाच नाही. कॅफेत कुणी विषय काढला तर तो एवढंच म्हणे, "मार्लिसला छंद हवाच होता."

मतदान झालं. छापील नावाची मतं यंत्राने पटकन मोजून दिली आणि ती लोवेलच्या अपेक्षेपेक्षा बरीच कमी निघाली. कोऱ्या ओळीतली मतं मात्र हातानेच वाचायची होती. त्यासाठी दोन दिवसांनी सभागृह भरलं. समोर त्याच पाच खुर्च्या, टेबलाशी ट्वायला, आणि लोवेलच्या बाजूने त्याचा वकील पुतण्या कर्टिस, नवीन कोट घालून.

नियम असा होता, की मतदाराच्या मनात कोण होतं ते कळलं पाहिजे. ट्वायला एकेक कागद उचलून वाचू लागली. मार्लिस ट्वीट. मार्लिस टी. परवानावाली मार्लिस. कर्टिसने दोनचारांवर हरकत घेतली, पण ती टिकली नाही. मग ट्वायलाने एक कागद उचलला आणि ती थांबली. चष्मा सारखा केला. "जल्लादीण," तिने हळूच वाचलं.

पुढचाही तोच. त्याच्या पुढचाही. जल्लादीण. जल्लादीणबाई. एकाने तर बाजूला चारचाकी काढून त्याखाली फास काढला होता. कागद टेबलावर साठत गेले. एवढे, की या मतांवरच निकाल लागणार हे खोलीतल्या सगळ्यांना दिसलं.

मार्लिसने हे नाव जन्मात ऐकलं नव्हतं. आधी तिला वाटलं ही दुसरीच कुणी बाई असावी. मग मागच्या रांगेत कुणी तिच्या नजरेला नजर देईना, तेव्हा तिला कळलं. ज्या माणसांना ती आजवर मेणचट समजत आली, त्यांनी आपापसात तिच्यासाठी एक नाव ठेवलं होतं आणि वर्षानुवर्षं ते तिच्यापासून झाकून ठेवलं होतं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

कर्टिस उठला. फार अदबीने त्याने विचारलं, की ही जल्लादीण नेमकी कोण? गावात या नावाची मतदार नाही. ही कुणाची तरी थट्टा आहे, आणि ट्वेटबाईंसारख्या मानी बाईंशी असला शब्द जोडणं आपल्याला तरी शोभणार नाही. इथे कुणी सांगेल का, की हे त्यांचंच नाव आहे?

खोली भरलेली होती. ज्यांनी तो शब्द स्वतःच्या हाताने लिहिला होता ते निम्मेशिम्मे तिथेच बसले होते. कुणी बुटांकडे बघत होतं, कुणी छताकडे. व्हर्लिन पोहल हातमोजे काढून पुन्हा घालत होता. मार्लिसच्या तोंडावर तिला जल्लादीण म्हणण्याची एकाची छाती होईना. लोवेल खुर्चीत मागे रेलला. गाव सभ्यपणापायी त्याला पुन्हा निवडून देणार होतं.

मार्लिसने सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. "बोला की," ती म्हणाली. "लिहिताना हात कापले नाहीत, आता जीभ का कापते?"

मग तिच्या शेजारची खुर्ची करकरली आणि आर्डिस उभी राहिली. मांडीवरची पर्स तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

"तिलाच म्हणतात," आर्डिस म्हणाली. "पहिल्यापासून म्हणतात. मीसुद्धा म्हणते."

ती खाली बसली. मग मागून पाद्रीसाहेब उठले आणि त्यांनी खाकरत सांगितलं की तेही म्हणतात. व्हर्लिनने हात वर केला. नंतर हातच हात वर झाले, जणू नाव घ्यायला परवानगी मिळाली होती. ट्वायलाने कर्टिसला शांतपणे विचारलं, की तुमची गाडीची परीक्षा कुणी घेतली होती? कर्टिस खाली बसला.

मार्लिस थोड्याशा मतांनी निवडून आली. लोकांनी येऊन तिचा हात हातात घेतला आणि छान झालं, छान झालं असं म्हटलं. ज्यांनी मत दिलं नव्हतं तेही त्यात होते.

घरी जाताना मार्लिस गाडी चालवत होती. तिने विचारलं, "तू कशाला म्हणायचीस? तुला तर मी पहिल्या फेरीत पास केलं होतं."

"म्हणून काय झालं?" आर्डिस म्हणाली. "तुझ्या घरी जेवायला यायचं असलं की मी नवऱ्याला म्हणायचे, चला, जल्लादीणबाईंकडे जायचंय. आम्ही हसायचो. मग यायला बरं वाटायचं."

बहिणीच्या दाराशी गाडी थांबवून मार्लिस ती आत जाईपर्यंत बघत राहिली, आणि घरी पोचल्यावर कोट न काढताच स्वयंपाकघरात बराच वेळ बसली. रडू आलं नाही. एकेक जेवण आठवत होतं आणि प्रत्येक जेवणाआधी ती दोघं नवराबायको हसत गाडीतून उतरताना दिसत होती.

जानेवारीत ठराव आला आणि एका मताने पडला. मैदानावर पाणी सोडलं, थंडीने ते दगडासारखं गोठलं. मैदान वाचवायला हवं असं ज्यांनी तिला दारादारात सांगितलं होतं, त्यांच्यातलं कुणी तिकडे फिरकलं नाही. ते घरी टीव्हीसमोर होते. मार्लिसला याचं मुळीच आश्चर्य वाटलं नाही. उलट निदान याबाबतीत तरी आपण त्यांना बरोबर ओळखलं होतं, म्हणून मन जरा निवलं.

एका शनिवारी ती शेकोटीच्या खोलीत डोकावली. बाकावर लोवेल वाकून बसला होता आणि नातीच्या स्केट्सच्या नाड्या आवळत होता. तिला पाहून तो दचकलाही नाही.

"यंदा बर्फ चांगला धरलाय," तो म्हणाला.

या माणसाला लाज कशी ती ठाऊकच नाही, मार्लिसच्या मनात आलं. चार तिखट शब्द तिच्या जिभेवर तयार होते. पण पोरगी एक पाय पुढे करून ताटकळत होती आणि उघड्या दारातून गार वारा आत येत होता.

"दार लावून घे," ती म्हणाली. "ऊब जाते."

लोवेलने उठून दार लावलं.