दुसऱ्या हाताने उघडणारे झाकण

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे, उजव्या हाताचा. दिसायला ढब्बू, अंगाने जाड, तळव्याला चामडे आणि अंगठ्याला ठिगळ. तुम्हाला वाटेल, हातमोजा म्हणजे आरामाचा जीव; थंडी सरली की कपाटात पडून राहायचे. माझ्या नशिबी ते सुख नाही. एका संशोधन केंद्रातल्या लांबलचक टेबलावर मी असतो आणि कोणी ना कोणी येऊन माझ्यात हात खुपसतो. स्वस्थ बसणे कसे असते, ते मी केव्हाच विसरलो.

मला शिवले एका कारखान्यातल्या बाईने. आतून लोकर, बाहेरून वारा अडवणारे कापड. शेवटचा टाका घालून तिने स्वतःचाच हात आत घालून पाहिला आणि म्हणाली, "जा बाबा, कोणाची तरी बोटं सांभाळ." मी ती सांभाळली. थेट ध्रुवाजवळच्या गोठलेल्या समुद्रावर गेलो. तिथे डोळ्यांतले पाणी पापणीवरच थिजते. बर्फाला भोक पाडणाऱ्या यंत्राचा दांडा मी धरला, दोर ओढले, तंबूच्या खुंट्या ठोकल्या. परत आल्यावर माझ्या मालकाने मला सगळ्यांसमोर उंच धरले. "माझी बोटं शाबूत आहेत ती याच्यामुळे!" त्या दिवशी मी आपला आतल्या आत ऊबदार झालो.

पण कौतुकाला फार आयुष्य नसते. अंगठ्याची शिवण उसवली, मालक निवृत्त झाला आणि मी तुटक्या पट्ट्या, गंजक्या कड्या यांच्या संगतीत एका खोक्यात जाऊन पडलो.

तिथून मला काढले मोठ्या मॅडमनी. ध्रुवावरच्या सगळ्या मोहिमा त्या आखतात. समुद्रावरचा बर्फ वर्षागणिक कसा बदलतो, तो कुठे मोजायचा, कशाने मोजायचा, कोणी मोजायचा, हे सगळे निघण्याआधी या टेबलावर ठरते. मॅडमनी मला ठिगळ लावले आणि एक नियम केला. जे उपकरण हा मोजा घालून उघडता-मिटता येत नाही, ते विमानात चढणार नाही. कारण तिथे मोजा काढून काम करायचे म्हणजे बोटांवर पाणी सोडायचे.

तेव्हापासून मी सर्वांचा नावडता झालो. आपले उपकरण नापास झाले की लोक मलाच बोल लावतात. नाचता येईना अंगण वाकडे!

या टेबलावर एक ताई यायची. तिने एक डबा बनवला होता. डब्याला तापमापकांची लांब माळ. ती बर्फातल्या भोकातून खाली समुद्रात सोडायची. मग माणसे परत फिरली तरी डबा तिथेच राहून, बर्फ कुठे संपून पाणी सुरू होते ते तापमानावरून ओळखून, रोज बर्फाची जाडी कळवत राहणार. हिवाळ्यात त्या जागी कोणीच नसते, त्यामुळे तिथला हिवाळा आजवर कोणी मोजलेलाच नव्हता. माळ जोडण्यासाठी झाकण तिथेच उघडावे लागे आणि घट्ट मिटावे लागे. थोडी जरी फट राहिली, तर आत खारे पाणी शिरून सगळे मुसळ केरात.

ताईची लेक अजून धड चालतही नव्हती. ताईचा एक कान कायम फोनकडे. "झोपली का? अंग गरम नाही ना? बघ ना हात लावून!" आणि फोन ठेवला की तोच हात माझ्यात. त्या हाताची धडधड मला आतून कळायची.

चाचणीच्या दिवशी तिने करंगळीला बाक देऊन, मनगट किंचित वळवून झाकण असे उघडले, की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"छान," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "आता दाढी, तू उघड."

दाढी म्हणजे बर्फात भोके पाडणारा गडी. त्याचे जाणे पक्के होते. त्याने माझ्यात हात कोंबला आणि झाकणाशी झोंबू लागला. झाकण आवळून धरणारे चिमटे इवलेसे, एकही हलेना.

"हे झाकण आहे की माझ्या सासऱ्याची तिजोरी?" तो घामाघूम होऊन म्हणाला.

"अरे, करंगळी वाकव ना!" ताई चिडली. "आणि मॅडम, मी आहे की! तिथे मीच उघडणार."

"आणि तू नसलीस तर?"

ताईचा चेहरा उतरला. "मुलगी लहान आहे म्हणून विचारताय?"

"पाय मुरगळेल, ताप येईल, विमानात जागा कमी पडेल, म्हणून विचारतेय. दाढीलाही हेच विचारते. एकाच माणसाला जमतं त्या कामावर मला आखणी करता येत नाही. शुक्रवारी पुन्हा दाखव. नाहीतर डबा इथेच राहील."

ताई मला आणि डब्याला घेऊन घरी गेली. लेकीने आल्या आल्या माझा अंगठा तोंडात घालून चघळला. नवऱ्याने नुसत्या हाताने झाकण उघडायचा प्रयत्न केला, नखच दुखावून घेतले. मग सासूबाई चष्मा सावरत आल्या.

"हे तू मुद्दाम अवघड केलंयस का गं?"

"काहीतरीच काय, आई!"

पण मला घालून ती झाकण चाचपत होती, तो तिचा हात माझ्या आत थबकला होता. मित्रांनो, चेहरा काहीही सांगो, हात खोटे बोलत नाही. झाकण सोपे केले, की दाढीलाही ते उघडता येणार. दाढीला उघडता आले, की विमानातल्या मोजक्या जागांपैकी ताईची जागा दुसऱ्या कोणाला मिळणार. कॉलेजात असल्यापासून ती त्या बर्फाची स्वप्ने पाहत होती. आणि झाकण तसेच ठेवले, तर डबाच जाणार नाही. येणारा हिवाळा मोजल्यावाचून निघून जाईल. इकडे आड, तिकडे विहीर.

ती उठली, बसली, लेकीचे पांघरूण सारखे केले, पुन्हा उठली. डबा बंद करून पिशवीत ठेवला, पुन्हा काढला. मग एकदम तिने पेचकस घेतला आणि सगळे चिमटे उखडून काढले. त्यांच्या जागी जाड पट्ट्याचा रुंद फास आणि एक लांब दांडी बसवली. मला पाण्यात बुचकळून तिने बर्फाच्या कप्प्यात ठेवले. मी दगडासारखा कडक झालो.

"आई, हा घालून उघडून बघा."

"बाई गं! मला गोठवून मारायचा बेत आहे वाटतं सूनबाईंचा," म्हणत सासूबाईंनी मला चढवले, फासात बोटे अडकवली आणि ओढले. झाकण खटकन उघडले.

"झालं की! यात काय एवढं?"

ताई हसली. पण माझ्या आत तिचा हात नसतानाही मला ठाऊक होते, की तिला रडू येत होते.

शुक्रवारी दाढीने झाकण एका दमात उघडले आणि मिटले. मॅडमनी डब्यावर हात ठेवला. "हा जाणार." मग त्यांनी जाणाऱ्यांची यादी पुढे ओढली. "जागा मोजक्याच आहेत गं. दाढीला जमतंय, तर ती जागा मला समुद्राचं पाणी तपासणाऱ्या माणसाला द्यावी लागेल."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली. "फास लावला तेव्हाच माहीत होतं."

चमू गेला. ताई रोज केंद्रातल्या आमच्या खोलीत यायची, संगणकाच्या पडद्याकडे बघायची, फोनकडे बघायची. हाताला चाळा हवा म्हणून मला घालायची, काढायची. एका दुपारी पडद्यावर आकडा उमटला. डबा जागा झाला होता! ती ओरडली, मोठ्या मॅडम धावत आल्या. मग दोघी तो आकडा वाचत नुसत्या उभ्या राहिल्या. पूर्वीच्या चमूंनी भोके पाडून त्याच जागी जी जाडी मोजली होती, तिच्यापेक्षा बर्फ पातळ होता.

"डबा चुकत तर नसेल?" मॅडमनी विचारले.

"चुकत असता तर बरं झालं असतं," ताई हळूच म्हणाली, आणि खुर्ची ओढून पुढच्या आकड्याची वाट पाहत बसली.

मित्रांनो, मला ओला टाकू नका, हीटरवर भाजू नका, शिवण उसवली तर वेळेवर टाका घाला, एवढे मागून मी गप्प बसलो असतो. पण त्या दिवसापासून माझा जीव आणखीच थाऱ्यावर नाही. म्हणून आणखी एक मागतो. तुम्ही जे जिवापाड जपून बनवाल, ते दुसऱ्याच्या हातालाही उघडेल असे बनवा. आपल्यावाचून अडावे असे प्रत्येकालाच वाटते. ताईलाही वाटले होते. पण तिकडे बर्फ वितळताना कोणाच्या हाताची वाट पाहत थांबत नाही.