देव्हाऱ्यातलं इंजेक्शन

कीर्तनात पेटी वाजवणाऱ्या दिगंबरपंतांची बोटं संधिवाताने सुजली होती. नव्या पेप्टाइड औषधाच्या चाचणीत ते दर आठवड्याला घरीच इंजेक्शन घेत, तरी सूज उतरेना.

"औषध तुम्हाला लागू पडत नाहीये, थांबवू या," डॉ. मैत्री म्हणाल्या. हे औषध तयार करणाऱ्यांत त्याही होत्या. "आमचंच काहीतरी चुकलं असणार."

"असू द्या. माझी पेटी ऐकून लोक तसेही उठून जायचे," पंत म्हणाले.

त्यांच्या पत्नीला, कुमुदताईंना, हसू येईना. "डॉक्टर, फ्रिजमध्येच ठेवा म्हणून तुम्ही बजावलं होतंत. मी मात्र ते आदल्या संध्याकाळीच देवापुढे ठेवायचे, समईशेजारी. रात्रभर."

"दर वेळी?"

"देवाच्या पायाशी न ठेवता यांना कसं टोचायचं, असं वाटायचं."

"अगं, संधिवात मला झालाय, देवाला नव्हे," पंत हळूच म्हणाले.

मैत्रींनी पेन उचललं. "उष्णतेने औषध बिघडलं असणार. मला हे कळवावं लागेल. कदाचित चाचणीतून पंतांचं नाव वगळतील."

"कळवा," कुमुदताई म्हणाल्या. "पण दोष माझा म्हणून कळवा, औषधाचा नको."

त्या संध्याकाळी समई लावताना कुमुदताईंना देवाकडे मान वर करून पाहवेना.