उन्हावरचा सिनेमा

धोंडप्पा गुरुजींनी उभ्या आयुष्यात एकच खोटं लिहिलं, आणि तेही सरकारी अर्जात, शाईनं. ‘शाळेत वीज आहे काय?’ या रकान्यापुढं त्यांनी वळणदार अक्षरात ‘आहे’ असं लिहून टाकलं. जळकोटकडच्या माळावरच्या धामणवाडीत तेव्हा विजेचे खांब येऊन उभे होते, तारा तेवढ्या यायच्या होत्या. अर्ज मंजूर होईपर्यंत येतीलच, अशी गुरुजींनी मनाची समजूत घातली. झालं उलटंच. जिल्हा वेगळा होऊन चारच वर्षं झालेली, नव्या जिल्ह्याला कामाचा भारी हुरूप. अर्ज दोन महिन्यांत मंजूर. सिनेमाचं यंत्र आलं, सोबत फिल्मचं एक रीळ आलं. तारा काही आल्या नाहीत.

दुसरा कुणी असता तर त्यानं यंत्र कपाटात ठेवून दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहिलं असतं. गुरुजी त्यातले नव्हते. वाळलेल्या भोपळ्याचा पृथ्वीगोल आणि औषधाच्या बाटल्यांचा जलतरंग करून वीस वर्षं शिकवलेला माणूस तो. दुष्काळाचं तिसरं साल चालू होतं. माळावर पाणी नव्हतं, कडबा नव्हता, पण ऊन मागाल तेवढं होतं. गुरुजींनी यंत्रातला दिवा काढला आणि त्या जागी ऊन आणायचं ठरवलं.

त्यासाठी बायकोच्या, लक्ष्मम्माच्या, कपाटाचा मोठा आरसा खोलून आणला. घरात त्यावरून दोन दिवस भांडी जरा जोरातच वाजली. आरसा बसवला सायकलच्या हँडलवर, म्हणजे हवा तसा वळवता यावा. हँडल खिडकीबाहेर ओट्यात पुरलं. पायडल आणि साखळी यंत्राला जोडली, हातानं पायडल फिरवलं की फिल्म सरकायची. अशा रीतीनं गुरुजींची सायकल शाळेला लागली आणि गुरुजी गावातून पायी हिंडू लागले. बाकी खिडक्यांना आणि दाराला घोंगड्या, भिंतीवर गुरुजींचंच धुतलेलं धोतर. आरसा धरायला नागाबाई. नागाबाई म्हणजे टँकरवरून पाणी आणून शाळेचा रांजण भरणारी साठीची बाई. तिचा हात दगडासारखा स्थिर.

रिळात हरभऱ्याचा एक दाणा मातीत रुजून त्याचं रोप कसं होतं, ते दाखवलं होतं. पोरांनी ते वीसेक वेळा पाहिलं असेल. दुष्काळातली पोरं ती. दाण्यातून कोंब बाहेर पडला की दर वेळी नव्यानं टाळ्या पडायच्या. टँकरमागं धावणारी पोरंसुद्धा आता दुपारी शाळेत बसत होती. गुरुजींना याचं इतकं सुख झालं होतं, की ते खोटं जवळजवळ विसरून गेले होते.

मग पत्र आलं. जिल्ह्याहून बिराजदार साहेब यंत्राची तपासणी करायला येणार. वीज नसलेल्या शाळेतलं यंत्र उचलून मुरुडच्या शाळेला द्यायचं, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. गुरुजींनी ते नागाबाईला वाचून दाखवलं.

“सायबाला पिक्चर दावा की,” नागाबाई म्हणाली. “बघितल्यावर कशाला नेतोय?”

साहेब आले ते घामाघूम होऊन. अंगानं भरदार, स्वभावानं कागदावर चालणारे. नीट बसता येईल अशी खुर्ची एकच, ती यंत्राशेजारी होती; तिच्यावर ते बसले आणि त्यांनी मांडीवर फाइल उघडली. वायर कुठं दिसते का, म्हणून त्यांनी एकदा वाकून पाहिलं. गुरुजींनी घाईघाईनं बाहेर हाक दिली. नागाबाईनं आरसा वळवला, उन्हाचा झोत यंत्रात शिरला आणि धोतरावर काळीभोर माती उमटली. गुरुजी पायडल फिरवत बोलू लागले. दाणा मातीत पडला, पाणी प्याला, फुगला. साहेबांचं पेन थांबलं. आता कोंब बाहेर पडणार, पोरांनी टाळ्यांसाठी हात उचललेले, आणि धोतर एकदम काळंठिक्कर पडलं.

“आलं! आभाळ आलं!” बाहेरून नागाबाई ओरडली.

पुढं काय झालं ते सांगायलाच नको. अख्खी शाळा दाराची घोंगडी सारून बाहेर पळाली. खरंच, सूर्यावर चांगला दांडगा ढग आला होता. पोरं नाचत होती, घराघरांतून बायका बाहेर येऊन वर बघत होत्या. गुरुजीही पायडल सोडून दारात आले. आणि सगळं गाव ज्याला ‘ये’ म्हणत होतं, त्या ढगाकडं बघून गुरुजींच्या तोंडून हळूच निघालं, “सरक की रे बाबा, दहा मिनिटं.”

निघालं आणि त्यांचं त्यांनाच चटका बसल्यासारखं झालं. तीन वर्षांत पहिल्यांदा गावावर सावली पडली होती, आणि आपण काय मागून बसलो! गुरुजींना स्वतःची इतकी लाज वाटली, की अर्जातलं खोटंही त्यासोबत उफाळून वर आलं. ते तसेच दारातून साहेबांना म्हणाले,

“साहेब, इथं वीज नाही. मी खोटं लिहिलं होतं. हे सगळं उन्हावर चालतं.”

साहेबांनी फाइल मिटली. “मला दिसलंच ते,” ते म्हणाले. “पण नियम आहे, गुरुजी. यंत्र न्यावं लागेल. ढग आला की शाळा बंद, हे कसं चालेल?”

गुरुजींनी नुसती मान डोलावली.

तेवढ्यात बाहेर पोरांचा मोठा हिरमोड झालेला आवाज आला. ढग एक थेंबही न टाकता पुढं निघून गेला होता. ओट्यावरचा आरसा होता तसाच होता. ऊन पुन्हा त्यावर पडलं आणि झोत थेट यंत्रात शिरला. थांबलेल्या फिल्मवर तेवढं ऊन म्हणजे निखाराच. धोतरावरच्या हरभऱ्यावर तपकिरी डाग पडून पसरू लागला, जळका वास सुटला.

“साहेब, फिरवा!” गुरुजी दारातून ओरडले. “पायडल फिरवा, जळतंय!”

साहेबांनी फाइल टाकली आणि पायडल धरलं. घाबरून इतक्या जोरात फिरवलं, की कोंब टुणकन बाहेर पडला. पोरं आत येत होती, त्यांनी जागच्या जागी टाळ्या वाजवल्या. नागाबाईनं आरशाला पुन्हा हात लावला. गुरुजी पायडल घ्यायला पुढं झाले, तर साहेब म्हणाले, “थांबा हो, मी फिरवतो.” मग त्यांचा हात सावकाश पडू लागला. दोन पानं आली, चार आली, फूल आलं, घाटे धरले. साहेबांनी रीळ संपेपर्यंत पायडल सोडलं नाही.

नंतर त्यांनी शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसलं आणि अर्ज काढला. ‘आहे’ खोडून त्यापुढं ‘नाही’ लिहिलं, सही केली. गुरुजी बघत उभे होते. मग खालच्या शेऱ्याच्या जागेत साहेबांनी लिहिलं : ‘वीज नसतानाही यंत्र चालते. मी स्वतः चालवून पाहिले. येथेच ठेवावे.’

साहेब गेल्यावर पोरांनी गुरुजींना जवळजवळ उचललंच. गुरुजी हसत होते, पण ढगाची बोच काही जात नव्हती. आरसा पुसणाऱ्या नागाबाईजवळ येऊन ते खालच्या आवाजात म्हणाले,

“नागाबाई, मी त्या ढगाला सरक म्हणालो. माझ्यामुळं गेला बघा तो.”

“ऐकलं म्या,” नागाबाई म्हणाली. आरसा पुसणं तिनं थांबवलं नाही. “तीन सालं झाली, समदं गाव त्याला ये ये म्हणून राहिलंय. ऐकलं का त्यानं कुनाचं? अन् तुमच्या एका ‘सरक’नं जातोय व्हय त्यो? लई मोठे लागून गेलात की, गुरुजी!”

गुरुजींना हसू फुटलं. त्यांनी तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि आरशाची उरलेली बाजू स्वतः पुसली. रिळात अजूनही तो तपकिरी डाग आहे. तो आला की पोरं ओरडतात, “साहेब, फिरवा!”