ऊबबाबांच्या गोधडीचा पाझर

शिलाई कारखान्याच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मशीन भिंतीला सरकवल्या होत्या. मधल्या टेबलावर गोधडीत गुंडाळलेलं एक पातेलं आणि त्यामागे ऊबबाबा.

“बघा!” बाबांनी झाकण उघडलं. “कालचा भात. मूठभर खाऊनच दाखवतो. येतोय वास? नाही! आणि हा बिनकृपेचा.” इस्त्रीच्या टेबलापाशी रात्रभर ठेवलेलं दुसरं पातेलं उघडताच पुढची रांग नाक दाबून मागे सरकली. “तांदूळ एकच, चूल एकच. फरक कशाचा? उबेचा! फ्रिज म्हणजे शवागार, लेकरांनो. तिथे मढी ठेवतात. तुम्ही लेकरांचा घास ठेवता?”

टाळ्यांनी छप्पर दणाणलं. गोधडीखालून टेबलावर पाणी ओघळलं होतं. तो म्हणे कृपेचा पाझर! बायका तो बोटाने टिपून डोळ्यांना लावत होत्या. मी या कारखान्यातल्या मशीन दुरुस्त करणारा माणूस. गळती दिसली की मी कारण शोधतो, हात जोडत नाही. पण त्या दिवशी माझंही लक्ष पाझराकडे नव्हतं. पहिल्या रांगेत माझी धाकटी बहीण घरचं भाताचं पातेलं पायाशी घेऊन बसली होती आणि तिच्या मांडीवर माझी भाची तापाने फणफणत होती.

आमच्याकडच्या बायका पहाटे रांधून कामावर येतात आणि पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवतात, म्हणजे रात्री पोरांना कोमट घास मिळतो. सवय जुनीच. बाबांनी फक्त तिच्यावर मंत्र फुंकला आणि घरोघरी ‘सिद्ध’ गोधड्या दिल्या. बहिणीने तर फ्रिज बंद करून त्यात चपला ठेवल्या. त्या आठवड्यात घराघरांतून पोरं उलट्या-जुलाबांनी आडवी झाली, तर बाबांचं उत्तर तयार होतं: “पोट शुद्ध होतंय!”

मी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना जवळजवळ ओढतच आणलं होतं. त्यांनी भाचीची कातडी चिमटीत धरून सोडली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“ताई, हिच्या अंगातलं पाणी संपत आलंय. आत्ता सलाइन लावायला हवं.”

“आधी कृपा,” बाबा गरजले. “पोरीचं कपाळ माझ्या गोधडीवर टेकव, मग तुझ्या घरच्या पातेल्यातला घास भरव. घास पोटात ठरला की ताप पळालाच!”

“अगं, वेडी आहेस का तू?” मी ओरडलो. “त्याच भाताने पोरगी आजारी पडलीय!”

“दादा, तू गप्प बस. वास घेऊन बघ ना, चांगला आहे भात!”

मी वास घेतला. खरंच, काहीसुद्धा येत नव्हता. डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या, “वासावर जाऊ नका.” पण त्यांचं ऐकतंय कोण? बहिणीने एका हाताने पोरीचं कपाळ गोधडीवर टेकवलं, दुसऱ्या हातात भाताचा घास घेतला.

“आई,” पोरगी डोळे मिटून म्हणाली, “किती गार वाटतंय गं.”

घास हवेतच थांबला.

“गार?” डॉक्टरीणबाईंनी पुढे होऊन गोधडीवर तळवा ठेवला. “उबेची गोधडी गार कशी हो, बाबा?”

“हात लावू नका! सिद्धी जाईल!” बाबा झेपावले, पण मी आडवा आलो. एवढं एक काम मला चांगलं जमतं.

बहिणीने घास खाली ठेवला. तिची बोटं गोधडीच्या कडेवरून फिरली. “जुन्या गोधडीला नवा दोरा,” ती पुटपुटली. “आणि टाके मशीनचे.” तिने खिशातली कात्री काढली आणि शिवण उसवली. आतून बर्फाच्या पिशव्या धपाधप टेबलावर पडल्या. निम्म्या वितळलेल्या.

डोळ्यांना पाझर लावलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बाबा दाराकडे निघाले, पण इस्त्रीवाल्यांनी ते आधीच लावून घेतलं होतं.

“बाबांचा भात थंडीने टिकला,” डॉक्टरीणबाई पोरीला उचलता उचलता म्हणाल्या. “दुसरा इस्त्रीच्या धगीने नासला. आणि तुमच्या गोधड्यांत बर्फ नव्हता, नुसती ऊब होती. जंतूंना तीच हवी असते. ते वाढतात तेव्हा वास येईलच असं नाही, आणि त्यांचं विष पुन्हा उकळून जाईलच असंही नाही. अन्न उरलं तर पसरट भांड्यांत काढा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. खाताना चांगली वाफ येईपर्यंत गरम करा. फ्रिज नसेल तर लागेल तेवढंच रांधा, आणि बाहेर राहिलेलं काळजावर दगड ठेवून टाका. चला, गाडी काढा!”

रात्रभर सलाइन चाललं. पहाटे पोरीने पाणी मागितलं आणि ते पोटात ठरलं, तेव्हा आम्ही दोघं भावंडं दवाखान्याच्या बाकावर लहान मुलांसारखी रडलो.

घरी आल्यावर बहिणीने फ्रिजमधल्या चपला एकेक करून बाहेर काढल्या, आतून तो घासून पुसला, बटण दाबलं. फ्रिज घरघरला. ती त्याचं दार लावत म्हणाली:

“दादा, आम्ही सगळ्या शिवणकाम करतो रे. रोज शेकडो शिवणी तपासतो. त्या गोधडीला एकीनेही हात लावून बघितला नाही.”

मीही नव्हता लावला. म्हणून सांगतो, बाबा कितीही मोठा असो, हात लावू नका म्हणाला की आधी हात लावून बघा.