दहापैकी किती?

कंबर दुखतेय म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला मी दोन प्रश्न विचारते. दुखणं दहापैकी किती? आणि आपण बरे होऊ असं दहापैकी किती वाटतं? त्यातला दुसरा महत्त्वाचा. ज्याला आपण बरे होणार असं वाटतं तो बहुधा लवकर उठतो, हे बावीस वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून लोकांच्या कंबरा दाबून मला पटलंय. माझा अंदाज सहसा चुकत नाही असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचे.

एका लॉन्ड्रीत काम करणाऱ्या ताई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्या दिवसातल्या माझ्या एकतिसाव्या पेशंट होत्या. मोठ्या मशीनमधून ओल्या चादरींचे गठ्ठे उपसताना त्यांची कंबर धरली होती. दुखणं सात म्हणाल्या, आणि बरं होण्याचा भरवसा दहा.

"अगदी दहा?"

"तुमच्या हाताखाली आलेय म्हटल्यावर दहाच की, मॅडम."

मी खूश होऊन दहा लिहिले. त्यांना वाकायला लावून बोटं जमिनीपासून किती वर राहतात ते टेपने मोजलं. बेचाळीस सेंटिमीटर.

त्यांच्या सुपरवायझरने सहा आठवडे जागा धरून ठेवली होती. सहाव्या शुक्रवारी मी फॉर्मवर 'कामावर रुजू होऊ शकतील' या ओळीपुढे हो किंवा नाही लिहायचं, आणि नाही लिहिलं की जागा दुसऱ्या बाईला. घरात कमावत्या त्या एकट्याच. हे सगळं मला पहिल्याच दिवशी माहीत होतं.

तरी मी पाट्या टाकल्या, दुसरा शब्द नाही. दर शुक्रवारी व्यायाम करून घ्यायचे, शेक द्यायचा, आकडा विचारायचा, पुढचा पेशंट. सहा. पाच. चार. तीन. आकडे असे शहाण्यासारखे उतरत असताना टेप काढतंय कोण? दुपारनंतर माझी स्वतःची कंबर बोंब मारते. खाली बसून मोजायचं म्हणजे शिक्षा मलाच. टेप ड्रॉवरमध्ये पडून राहिला.

सहावा शुक्रवार आला. ताई म्हणाल्या, "दोन." मी फॉर्म ओढला, तेवढ्यात पेन टेबलावरून घरंगळून खाली पडलं.

"थांबा, मी देते." ताई उठल्या. एक हात खुर्चीवर, दुसरा मांडीवर, आणि मध्येच श्वास रोखलेला. तो श्वास मी ओळखते. रोज सकाळी मोजे चढवताना माझाही तिथेच अडकतो.

"हे घ्या," त्या हसून म्हणाल्या. कपाळावर घाम होता.

मी ड्रॉवरमधून टेप काढला आणि गुडघे टेकून बसले. "वाका."

"आता कशाला, मॅडम?"

"वाका म्हणते ना!"

बेचाळीस.

मी भडकले. "सहा आठवडे खोटं बोललात? माझ्याशी खोटं बोलून तुमची कंबर बरी होणार होती का?"

ताई हळूहळू माझ्यासमोर सतरंजीवर बसल्या.

"पहिल्या दिवशी मी सात म्हटलं, तर तुमचा चेहराच पडला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, बाई आधीच दमलीय, तिच्या डोक्याला आणखी ताप कशाला? पुढच्या वेळी सहा सांगितलं, तर छान म्हणालात. मग पाच सांगितलं."

"आणि ते दहा?"

"ते तर तोंडदेखलंच. डॉक्टरांसमोर कोणी तीन म्हणतं का?"

माझा राग कुठच्या कुठे गेला आणि लाज तेवढी उरली. किती जणांनी मला असे आकडे दिले असतील, आणि मी त्यावर अंदाज बांधून मिरवले असेन!

"तुमचं किती?" ताईंनी अचानक विचारलं.

"माझं काय?"

"कंबर हो. टेबल धरून उठता, मला काय दिसत नाही?"

इतक्या वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं, घरीही नाही. "सात," मी म्हटलं.

"मग माझंही सातच लिहा." एवढं बोलताना त्यांचे डोळे भरून आले. "पण तिकडे हो लिहा, मॅडम. सोमवारी जाते मी. बघू काय होतंय ते."

"काय होणार ते दोघींनाही माहितेय."

मी 'नाही' लिहिलं. ताई भिंतीकडे बघत राहिल्या. मग खाली शेऱ्याच्या जागेत लिहिलं: उपचारात माझ्याकडून हयगय झाली, पेशंटचा दोष नाही. आणखी सहा आठवडे जागा राखून ठेवावी, ही विनंती. खाली सही केली आणि त्यांना वाचून दाखवलं.

"तुमच्यावर येईल ना हे?"

"येऊ दे."

"आणि सुपरवायझरने नाही ऐकलं तर?"

"माहीत नाही, ताई. आता मी अंदाज सांगत नाही." मी पहिल्या दिवसाचा कागद काढला. "हे मात्र खरं सांगा. आपण बऱ्या होऊ असं किती वाटतं?"

त्यांनी बराच वेळ विचार केला. बाहेर पुढचा पेशंट दार वाजवत होता. मी वाजवू दिलं.

"चार," ताई म्हणाल्या. मग घाबरून, "चालेल?"

"पळेल," मी म्हटलं, आणि दहा खोडून चार लिहिले.