समासातले चौकोन

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत लिफ्टच्या शेजारी एक भलामोठा पडदा लावलेला होता आणि त्यावर रोज सकाळी एक आकडा झळकायचा. आकड्याचं नाव 'सहभाग निर्देशांक'. विद्यार्थी वर्गात किती बसतात, ग्रंथालयात किती येतात, अडलं तर मदत मागतात की नाही, हे सगळं एका आकड्यात कोंबलं की तो तयार व्हायचा. पोरं लिफ्टची वाट बघत नेमकी त्या पडद्याखाली उभी राहायची आणि त्याच्याकडे पाठ करून मोबाइल बघायची.

हा आकडा काढायचं काम मोजणीबाईंचं. ओळखपत्रावर त्यांचा हुद्दा दोन ओळींचा होता, पण तो पाठ करायच्या भानगडीत कोणी पडलं नव्हतं. बाई कामाला पक्क्या. दारादारांतल्या कार्डांच्या नोंदी, सर्वेक्षणाची उत्तरं, मदतकक्षांची रजिस्टरं, सगळं त्यांच्या टेबलावर यायचं आणि चाळून-निवडून आकडा बाहेर पडायचा. आकड्यांवर त्यांचा जीव होता. गेले दोन आठवडे मात्र आकड्यांनी त्यांची झोप उडवली होती, आणि त्याला कारण होती एक खोली.

ग्रंथालयाच्या मागच्या जिन्याखाली ही खोली होती. लांब टेबल, चार बाकं, कोपरा फुटलेला एक फळा. पहिल्या वर्षाला गणिताचा पेपर सगळ्यांनाच सक्तीचा, आणि ज्यांची त्यात दांडी गुल होते त्यांच्यासाठी अकरा वर्षांपूर्वी ही खोली सुरू झाली होती. शाळेतून निवृत्त झालेल्या एक मास्तरीणबाई रोज दोन ते सहा तिथे बसत. खोलीत येणाऱ्याने रजिस्टरात नाव लिहायचं असा नियम होता आणि पोरं नियम पाळत. फक्त नावं अशी असत: 'कोणी नाही', 'समुद्रातला मासा', 'महाराणी', 'कालचाच', 'तुमचा शत्रू'. संगणकाने बारा हजार विद्यार्थ्यांत या मंडळींचा शोध घेतला आणि उत्तर दिलं, शून्य. सलग तीन सत्रं शून्य वापर असलेली खोली बंद करायची, हा दुसरा नियम. तिच्या जागी 'सहभाग दालन' होणार होतं, मऊमऊ आसनांचं, आणि आणखी एका पडद्याचं. शुक्रवारी बैठक होती. खोलीचा वापर शून्य आहे, या कागदावर सही मोजणीबाईंची लागणार होती.

आणि तो आकडा खोटा आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण शिक्षणासाठी त्यांच्याच घरी राहणाऱ्या नणंदेने सोमवारी जेवताना कबुली दिली होती.

"वहिनी, रजिस्टरातली ती महाराणी म्हणजे मी."

मोजणीबाईंचा घास हातातच राहिला. "मग खरं नाव लिहायला काय झालं होतं गं तुला? तुम्ही पन्नास जणांनी जरी नावं लिहिली असतीत, तरी आज ही वेळ आली नसती!"

"नाव लिहावं लागलं असतं तर मी पहिल्याच दिवशी दारातून परत आले असते. मला अपूर्णांकांची बेरीज येत नाही, हे लेखी देऊ? आणि ते थेट तुझ्या पडद्यावर?"

"पडद्यावर नावं नसतात. आणि काय गं, घरात मी असताना तू जिन्याखाली शिकायला जातेस?"

नणंद जरा घुटमळली. मग म्हणाली, "तुझ्याकडे आले होते की आधी. तू शिकवलंस पण छान. पण मी चुकले ना, की तुझ्या भुवया अशा वर जायच्या." तिने आपल्या भुवया पार केसांपर्यंत नेऊन दाखवल्या. "त्या भुवयांसमोर मला सात आठे किती तेसुद्धा आठवेना. मास्तरीणबाईंच्या भुवया हलतच नाहीत. आणि हे बघ, दादाला यातलं काही सांगायचं नाही हं. तो वर्षभर चिडवेल मला."

मोजणीबाईंना वाईट वाटलं. हात धुताना त्यांनी आरशात बघितलं आणि भुवया जागच्या जागी ठेवून 'चुकलं' म्हणून पाहिलं. जमेना.

मंगळवारी त्या जिन्याखालच्या खोलीत गेल्या. आत नऊ जण होते. त्यांच्या गळ्यातलं ओळखपत्र दिसताच बोलणी थांबली, तिघं पिशव्या उचलून पसार झाले आणि एकाने वही चक्क मांडीखाली घेतली.

"ते गळ्यातलं आत टाका बाई," मास्तरीणबाई वहीवरून मान वर न करता म्हणाल्या. "पोरं बुजतात." बाहीवर खडू, केसांत खडू, चष्म्याच्या काडीलाही खडू, असा त्यांचा थाट होता.

"तुम्ही यांना नावं विचारतच नाही?"

"पहिल्या वर्षी विचारायचे. महिन्याभरात चौघं उरले. मग विचारणं सोडलं, तर बाकं पुरेनात."

"मग पास किती होतात ते कसं कळतं?"

"नाहीच कळत." मास्तरीणबाई हसल्या. "पास झालेला इकडे कशाला फिरकेल? परत येतात ते नापास झालेले. त्यामुळे अकरा वर्षांत मला भेटले ते सगळे नापासच. मी चांगली शिकवते की पोरांचं वाटोळं करते, देव जाणे."

हे त्यांनी हसत सांगितलं खरं, पण सांगून झाल्यावर त्या उगाचच फळा पुसू लागल्या. फळा कोराच होता.

खोली बंद होणार असल्याची खबर त्यांच्या कानावर आलेली होती. त्यांनी ना गयावया केली, ना तक्रार. एका मुलाने गणित सोडवायला पेन्सिल टेकवली तशी त्यांनी त्याच्या मनगटावर बोट ठेवलं.

"आधी अंदाज."

मुलाने छताकडे बघितलं, समासात 'पाचशे' लिहिलं आणि त्याभोवती चौकोन काढला. मग गणित सोडवलं. उत्तर आलं साडेसहाशे. त्याने खोडरबर उचलला.

"चौकोनाला हात लावायचा नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "केवढ्याने चुकलो ते समोर दिसू दे. साडेसहाशे तर साडेसहाशे, शेजारच्याच गल्लीत पोचलास. साडेसहा हजार आलं असतं तर गणितात गोची आहे म्हणून परत बघायचं. अंदाज बरोबर यायला नसतो रे, तो राखणीला असतो."

आत सगळ्यांच्याच वह्यांत समासाला चौकोनांची रांग लागलेली होती. मोजणीबाई ते बघून बाहेर पडल्या, जिन्याच्या चार पायऱ्या चढल्या आणि पाचवीवर थबकल्या. जी सवय हाताला लागते ती परीक्षेत सुटते थोडीच? त्या आपल्या कचेरीत गेल्याच नाहीत. तडक परीक्षा विभागाच्या भांडारात गेल्या.

भांडार सांभाळणाऱ्या काकांनी नाकावरचा चष्मा खाली घेतला. "पहिल्या वर्षाच्या गणिताच्या सगळ्या उत्तरपत्रिका? सगळ्या? अकराशे सेहेचाळीस आहेत बाई."

"नावं झाकलेली आहेत ना?"

"नावं झाकलेली. वर फक्त क्रमांक. आणि गुणांची यादी वेगळी."

"मग काढा. मला फक्त समास बघायचेत."

काकांना वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. पण चौकोन म्हटल्यावर ते खुर्चीत सरसावून बसले. "अहो, या चौकोनांनी परीक्षक वैतागलेत! एकाने तर शेराच मारलाय, 'समासात चित्रं काढू नयेत' म्हणून." बुधवार आणि गुरुवार दोघं गठ्ठे उलगडत बसली. दुपारनंतर काकांना असा काही चेव चढला की चौकोन दिसला की ते "सापडला!" म्हणून ओरडायचे, आणि शेजारच्या खोलीतले लोक डोकावून जायचे. गुरुवारी कचेरी सुटताना आकडा हाती आला. तीनशे अठरा. मोजणीबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी काकांशी हस्तांदोलन केलं, आणि दोघांचेही हात धुळीने काळे झाले.

शुक्रवारी बारा वाजता बैठक भरली. उपकुलगुरू मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवत आणि मगच बोलू देत. रीत म्हणून मास्तरीणबाईंनाही बोलावलं होतं. मोजणीबाईंनी सगळं सांगितलं, चाळीस उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा पुरावा म्हणून पुढे केला.

उपकुलगुरूंनी दोन पानं उलटली. "चौकोन काय कोणीही काढेल. शेजाऱ्याचं बघून काढले असतील. हे सगळे त्या खोलीतलेच, कशावरून?"

मोजणीबाईंनी फाइल उघडली आणि परत मिटली.

"बघू," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांनी गठ्ठा ओढला, पर्समधून लाल पेन्सिल काढली, मग पेपर आपले नाहीत हे आठवून ती परत ठेवली आणि पानं चाळू लागल्या. पाचवा पेपर त्यांनी बाजूला काढला. "हा माझा नाही."

"बाई!" मोजणीबाई कळवळून कुजबुजल्या.

"हाही नाही. हा पण नाही." बघता बघता सात पेपर बाजूला पडले.

"का?" उपकुलगुरूंनी विचारलं.

"चौकोनात बघा, तीनशे बेचाळीस पूर्णांक सहा दशांश. खाली उत्तर बघा, तीनशे बेचाळीस पूर्णांक सहा दशांश. अंदाज कधी इतका तंतोतंत येतो का? आधी गणित केलंय, मग शेजाऱ्याचं बघून नक्षी काढलीय. आता हा घ्या. चौकोनात तीनशे. पहिल्यांदा उत्तर आलंय चौतीस हजार. ते कापलंय, परत केलंय, तीनशे बेचाळीसवर आलंय. हा माझा."

"तुमची खोली जायची वेळ आलीय आणि तुम्ही स्वतःचाच आकडा कमी करताय?"

"जे माझं नाही ते माझं कसं म्हणू?" मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांना प्रश्नच कळलेला दिसत नव्हता.

उपकुलगुरूंनी बाजूला पडलेले पेपर मोजले. "चाळिसातले तेहतीस उरले. त्या हिशेबाने सगळे मिळून झाले दोनशे साठेक. म्हणजे पाच पोरांत एकाहून जास्त." त्यांनी समोरचा कागद मोजणीबाईंकडे सरकवला. "शून्य नाही ना? मग खोली राहील. दालनाला दुसरी जागा बघा. पण पुढच्या वेळी मोजणार कसं?"

"असंच. पेपर तपासून आले की चौकोन मोजायचे. फक्त तो आकडा पडद्यावर जाणार नाही साहेब, आणि कोणाला सांगायचाही नाही. बोभाटा झाला तर आठवड्याभरात अख्ख्या विद्यापीठाचे समास चौकोनांनी भरतील."

उपकुलगुरू खो खो हसले आणि त्यांनी घड्याळ उचललं. मोजणीबाईंचा जीव भांड्यात पडला. सगळे उठले. मास्तरीणबाई तेवढ्या गठ्ठ्यापाशी बसून राहिल्या.

"एक विचारू? नाव नकोय मला." त्यांनी एक पेपर पुढे धरला. "हे अक्षर ओळखते मी. परीक्षेच्या आदल्या दिवशी रडली होती, मी काही पेपरला बसत नाही म्हणून. बसलेली दिसतेय. पास झाली का?"

गुणांची यादी मोजणीबाईंच्या फायलीत होती. त्यांनी उपकुलगुरूंकडे बघितलं. उपकुलगुरू खिडकीबाहेर बघू लागले. मोजणीबाईंनी क्रमांकावर बोट ठेवलं. "एकेचाळीस. पास."

मास्तरीणबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. बराच वेळ पुसला. "आणि हा? हा बाकाखाली सारखा पाय हलवायचा."

"चौसष्ट."

"लबाड कुठला! आणि ही? ही महाराणी."

"बावन्न," मोजणीबाई यादी न बघताच बोलून गेल्या, आणि मग घाईघाईने यादी बघितली.

"आणि हा?"

मोजणीबाईंनी आवाज खाली आणला. "छत्तीस. चाळीस लागतात, नापास आहे."

"छत्तीस?" मास्तरीणबाई आनंदाने उभ्याच राहिल्या. "अहो, मागच्या खेपेला अकरा होते त्याला! छत्तीस मिळवले?"

"द्या ती यादी इकडे, तुम्ही फार हळू वाचता," म्हणत उपकुलगुरूंनी खुर्ची ओढली. मग मास्तरीणबाई क्रमांक सांगत आणि उपकुलगुरू गुण वाचत. पुढच्या बैठकीची माणसं दाराशी येऊन उभी राहिली, त्यांना हाताने थांबायची खूण झाली. कोणाचे पन्नास, कोणाचे अडतीस, कोणाचे सत्तर. प्रत्येकाबद्दल मास्तरीणबाईंकडे काही ना काही सांगायला होतं. नाव मात्र एकाचंही नाही.

शेवटच्या पेपरपाशी त्या अडल्या. "हे अक्षर नाही ओळखीचं." पान उलटून त्यांनी सगळे चौकोन तपासले. "पण अंदाज खरे आहेत. दोनदा चुकलाय, दोनदा परत केलंय. किती?"

"एक्याण्णव," उपकुलगुरूंनी वाचलं आणि खात्रीसाठी परत वाचलं. "एक्याण्णव."

"हा माझ्याकडे कधी आलेलाच नाही," मास्तरीणबाई सावकाश म्हणाल्या. "म्हणजे माझ्याच कोणीतरी बसून शिकवलंय याला." अकरा वर्षं ज्या पोरांनी तोंड दाखवलं नव्हतं, ती कुठेतरी दुसऱ्याच्या मनगटावर बोट ठेवून बसलेली होती.

"मग हा खोलीच्या आकड्यात धरायचा की नाही?" उपकुलगुरूंनी विचारलं. सगळ्यांनी मोजणीबाईंकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायची त्यांना गरज वाटली नाही.

"धरायचा," त्या म्हणाल्या. "सगळ्यात आधी हाच धरायचा."

मास्तरीणबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि पर्स उचलली. दोन वाजायला आले होते, पोरं जिन्याखाली येऊन उभी असणार होती.